नवीन बोरिंगच्या आधी जुनी विहीर उघडा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना जरा घाबरलोच, कारण अगदी शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की आवारातली जुनी विहीर बुजवून तिथे चार गाड्यांचं पार्किंग करायचं ठरतंय. बाकीचं सगळं नंतर बघू, पण ते काम आधी थांबवा. मलबा टाकणाऱ्या ट्रॉलीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा आणि मग पुढचं वाचा.

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. इंदौरच्या पश्चिम भागात २४ फ्लॅटची सोसायटी, गच्ची सगळी मिळून साडेसहा हजार चौरस फूट, बोरिंग २००४ सालचं, ३८० फूट. दोन वर्षं झाली, मार्च लागला की मोटर दहा मिनिटं पाणी देते आणि मग हवा मारते. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरतं, वरच्या वापरासाठी टँकर. बोरिंगवाला म्हणतो ८५० फूट नवीन मारा. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात की खर्च कशाला, गच्चीचा पाईप सरळ जुन्या बोरिंगमध्ये सोडून द्या. आणि तिसरा मुद्दा तो विहिरीचा, जो तुम्हाला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटला आणि मला सगळ्यात जास्त.

मी या कामात २७ वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं रिगवर होतो, म्हणजे बोरिंगच्या मशीनवर सुपरवायझर, राऊ पासून सांवेर रोडपर्यंत किती भोकं पाडली त्याची गणती नाही. गेली १८ वर्षं उलटं काम करतो, पाणी जमिनीत घालायचं. दोन्ही बाजू बघितल्या म्हणून सांगतो, तुमचं बोरिंग खालून आटलेलं नाही, ते वरून आटलंय. हे एकदा नीट समजलं की बाकी काय करायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

लोकांच्या डोक्यात असं चित्र असतं की जमिनीखाली कुठेतरी मोठा तलाव आहे, त्याची पातळी खाली गेली तर आपण पाईप अजून खाली न्यायचा. गंगेच्या मैदानात, जिथे शेकडो फूट नुसती वाळू आणि गाळ आहे, तिथे हे थोडंफार खरं असेल. माळव्यात नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर वाहून आला आणि थिजला, चिरोट्याचे पापुद्रे असतात ना तसे थर. घट्ट पाषाणात पाणी राहतच नाही. पाणी राहतं ते तीन ठिकाणी, सगळ्यात वर मुरमात आणि कुजलेल्या कच्च्या दगडात, दोन थरांच्या मधल्या जाळीदार खडकात, आणि पाषाणाला पडलेल्या भेगांमध्ये. आणि त्या खालच्या भेगांत जे पाणी येतं ते बहुतेक वरच्या मुरमातूनच झिरपत झिरपत उतरलेलं असतं.

रिग चालते तेव्हा भोकातून जो भुगा वर फेकला जातो तो आम्ही दर दहा फुटांना मूठभर घेऊन पोत्यावर ओळीने ढीग लावून ठेवत असू. पहिला ढीग काळ्या मातीचा, हाताला चिकट. मग पिवळट मुरूम. मग राखाडी, भुरभुरीत, त्यात पांढरे दाणे. साधारण ५०-६० फुटांनंतर निळसर काळी पिठी, ती बोटांत धरली की कोरडी ठणठणीत आणि बारीक, अगदी सिमेंटसारखी. मध्येच कुठेतरी विटेसारखी लाल माती निघते, तिथे जुने मिस्त्री सावध होतात कारण थर बदलला, आसपास पाणी लागू शकतं. १९९९-२००० मध्ये पश्चिमेच्या कॉलन्यांत मी ज्या जागी उभा असायचो तिथे पाण्याचा पहिला फवारा ८०-९० फुटांवर उडायचा, दुसरा २०० च्या आत. आता त्याच गल्ल्यांमध्ये ४०० पर्यंत नुसती धूळ उडते, आणि दगड तोच आहे ताई, दगड बदललेला नाही. वरून येणारं पाणी बंद झालंय.

माळव्याची जुनी म्हण सगळ्यांना पाठ आहे, डग डग रोटी पग पग नीर. पावलोपावली पाणी म्हणजे काय, तर २५-३० फुटांवर विहिरीला पाणी लागायचं, मुरमाचा वरचा थर भरलेला असायचा. आजीच्या काळी मल्हारगंजच्या आमच्या वाड्यातल्या विहिरीचं पाणी श्रावणात इतकं वर यायचं की कळशीला जेमतेम दोन हात दोर लागायचा. त्याच मुरमावर आपण शहर वसवलं. आधी काळी माती होती, शेत होतं, पाऊस पडला की भेगाळलेल्या जमिनीत पहिलं पाणी गटगट जायचं. मग प्लॉट पडले, मग घर, मग घराभोवती फरशी, मग गल्लीत सिमेंटचा रस्ता, मग रस्त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक, आणि ते पेव्हरसुद्धा वाळूवर बसवले असते तर फटींतून पाणी उतरलं असतं, पण खाली सिमेंटचा थर टाकून बसवतात म्हणजे झाली ती पण फरशीच. आपल्या शहराच्या स्वच्छतेचा मला मनापासून अभिमान आहे, पण धूळ नको म्हणून जमिनीचा वीतभर तुकडासुद्धा उघडा ठेवायचा नाही हे जे चाललंय त्याने बोरिंगचा घास घेतला. केंद्रीय भूजल मंडळाच्या मोजणीत इंदौरचा भाग अतिदोहनात येतो, म्हणजे वर्षभरात जितकं पाणी जमिनीत मुरतं त्यापेक्षा जास्त आपण उपसतो.

आता बोरिंगवाल्याच्या ८५० फुटांचं बघू. तो खोटं बोलत नाही, त्याला फुटावर पैसे मिळतात इतकंच. पण आपल्या पाषाणात जितकं खोल जाल तितक्या भेगा कमी आणि बारीक होत जातात, कारण वरच्या दगडाचं वजन त्यांना दाबून ठेवतं. माझ्या अनुभवात ५००-६०० च्या खाली पाणी लागलं तरी ते बहुतेक वेळा साठलेलं जुनं पाणी असतं, पहिलं वर्ष झकास चालतं, सगळे पेढे वाटतात, दुसऱ्या वर्षी धार अर्धी, तिसऱ्या वर्षी परत हवा. पाणी बऱ्याचदा जडही निघतं, गीझरमध्ये पांढरी पापडी धरते. आणि अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, खोल भोक पाडलं की वरच्या भेगांतलं उरलंसुरलं पाणीही त्या भोकातून खाली गळून जातं, त्यामुळे शेजारच्यांची १५०-२०० फुटांची जुनी बोरिंग महिन्याभरात बसतात. मी स्वतः हे केलंय. एका गल्लीत आम्ही ७०० फूट मारलं आणि तीन घरं सोडून राहणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं बोरिंग त्याच उन्हाळ्यात कोरडं पडलं, ते काका रोज संध्याकाळी बादली घेऊन ज्यांच्यासाठी बोरिंग केलं त्यांच्याकडेच पाणी मागायला यायचे. रिगचं काम मी पुढच्या वर्षी सोडलं. शिवाय उन्हाळ्यात जिल्हा जलअभावग्रस्त जाहीर झाला की मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम १९८६ खाली नवीन खाजगी बोरिंगला बंदी असते, परवानगीशिवाय कोणी रात्रीतून मारून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

चौथ्या मजल्यावरच्या काकांचा विचार दिशेने बरोबर आहे, पण पद्धत घातक आहे. हिशेब बघा. सहा इंची, ३८० फुटांचं भोक पूर्ण रिकामं धरलं तरी त्यात साधारण दोन हजार लिटर पाणी मावतं. तुमच्या साडेसहा हजार फुटांच्या गच्चीवर एका झडीत दोन इंच पाऊस पडला की जवळजवळ तीस हजार लिटर होतं. भेगा ते इतक्या झपाट्याने पीत नाहीत, म्हणजे पाणी वर उलटणार आणि पार्किंगमध्ये साचणार. पण खरा धोका तो नाही. गच्चीवर कबुतरांची घाण असते, वॉटरप्रूफिंगचे पापुद्रे असतात, वर्षभराची धूळ असते, ते सगळं गाळल्याशिवाय सरळ भेगांमध्ये गेलं की दोन गोष्टी होतात, एक तर शेजारीपाजारी जे बोरिंगचं पाणी पितात त्यांच्या तोंडात ते जातं कारण मध्ये गाळायला माती नाही, आणि दुसरं म्हणजे बारीक गाळ भेगांच्या तोंडाशी बसतो आणि त्या कायमच्या बुजतात. बुजलेली भेग मोकळी करायचा स्वस्त उपाय मला तरी अजून सापडलेला नाही. पाईप सोडून दोन-तीन पावसाळ्यांत चांगली चालती बोरिंग मेलेली मी बघितली आहेत.

म्हणून विहीर. तुम्ही लिहिलंय की साधारण १२ फूट रुंद आणि ४० फूट खोल आहे, वरून लोखंडी पत्रा टाकलाय आणि आत कचरा आहे. अहो, अशी विहीर आज कोणी खोदून द्या म्हटलं तर मजूर मिळायचे नाहीत. तिचा फायदा हा की ती काळी माती पार करून मुरमात आणि कच्च्या दगडात उतरलेली आहे, म्हणजे नेमकी त्या थरात जो भरायला पाहिजे. बोरिंगला वरच्या ५०-६० फुटांत केसिंग पाईप असतो, बंद, त्यामुळे वरचा थर आणि बोरिंग यांची थेट ओळखच नसते, पाणी आधी मुरमात भरतं मग भेगांतून खाली उतरत बोरिंगला मिळतं. विहिरीतून पाणी दिलं की ते त्याच वाटेने जातं, गाळलं जात जातं. आणि मावतं किती, तर सव्वा लाख लिटर. दिवसभरात चार इंच पाऊस झाला, इंदौरात तो ऑगस्टमध्ये एखादवेळी होतोच, तरी तुमच्या गच्चीचं पाणी साठ हजार लिटर होईल, विहीर ते आरामात पोटात घेईल आणि मग हळूहळू मुरवत बसेल.

वर्षाचा हिशेब असा. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे एक सूत्र लक्षात ठेवलं की कोणी तुम्हाला फसवू शकत नाही. आपल्याकडे सरासरी ३७-३८ इंच पडतो, म्हणजे ९५० मिलीमीटरच्या आसपास. तुमची गच्ची ६०० चौरस मीटर. उडून जाणारं, पहिलं सोडून दिलेलं असं धरून २० टक्के वजा केलं तरी साडेचार लाख लिटर हातात राहतं. ५ हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर ९० टँकर. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. २४ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर तुमच्या सोसायटीला रोज १३ हजार लिटर लागतं, म्हणजे ही सगळी कमाई ३५ दिवसांची. आणि जमिनीत घातलेलं सगळं पाणी तुमच्याच बोरिंगला परत येत नाही, ते दगडाच्या उताराने जातं, थोडं शेजाऱ्यांना मिळतं. त्यामुळे एकट्या सोसायटीने केलं की टँकर पूर्ण बंद होतील असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये बसणारं बोरिंग मे पर्यंत ओढेल, टँकर निम्म्यावर येतील, असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. गल्लीतल्या आणखी दोन इमारतींनी आपली गच्ची तुमच्याच विहिरीला जोडली तर मात्र गंमत वेगळी होते. त्यांना विचारा. पाणी तुमच्या विहिरीत गेलं तरी मुरमातून त्यांच्याकडेही जाणारच आहे, हे त्यांना सांगितलं की बहुतेक लोक तयार होतात.

विहिरीची लोकांना भीती वाटते आणि ती उगाच नाही. ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी स्नेहनगरच्या मंदिरात बावडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचा, स्लॅब कोसळला आणि ३६ माणसं गेली. त्या आठवड्यात मला जितके फोन आले तितके कधी आले नव्हते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमच्याकडची विहीर बुजवून टाका. मला त्या लोकांचं दुःख कमी करून सांगायचं नाहीये, पण माणसं विहिरीने मेली नाहीत, विहीर झाकून तिच्यावर वापर सुरू केल्याने मेली. खाली काय आहे हेच विसरलं गेलं होतं. म्हणून माझा नियम, विहिरीवर स्लॅब टाकायचा नाही, कधीच नाही. चारही बाजूंनी साडेतीन-चार फूट कठडा, वर लोखंडी जाळी, कुलूप, आणि ती सगळ्यांच्या डोळ्यासमोर राहिली पाहिजे. तुमचं पार्किंग मात्र तिथे होणार नाही, ते मीटिंगमध्ये स्पष्ट सांगून टाका.

आता काम कसं करायचं. सगळ्यात आधी पत्रा काढून विहीर दोन दिवस नुसती उघडी ठेवा. आत लगेच कोणाला उतरवू नका. कुजलेल्या कचऱ्यामुळे तळाशी विषारी वायू साठतो, माणूस वास येईपर्यंत बेशुद्ध होतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. सफाईवाल्यांकडे हवा फेकायचा ब्लोअर, कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका, कितीही घाई असो. मग गाळ काढा. मागे एका जुन्या वाड्याच्या विहिरीतून आम्ही सहा ट्रॉली काढल्या, विटा, गणपतीच्या मूर्तींची माती, सायकलचं चाक, निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि अगदी तळाला तांब्याची एक घागर, जी बघून त्या घरच्या आजींनी ती आपल्या सासूबाईंची म्हणून ओळखली. गाळ निघाल्यावर खालून बाजूच्या दगडातून बोटभर धार सुरू झाली, एप्रिलमध्ये. ती झीर जिवंत होती, फक्त तिच्यावर शहराने कचरा टाकला होता.

गच्चीचे सगळे पाईप खाली एकत्र आणा. त्यात गटाराचा, मोरीचा, गाड्या धुण्याचा एकही पाईप मिसळू देऊ नका, प्लंबर घाईत हे करतो, तुम्ही स्वतः बादलीभर पाणी ओतून बघा कुठून निघतं ते. पाईपाला एक वॉल्व्ह बाहेर सोडायचा ठेवा, जूनचे पहिले दोन चांगले पाऊस त्यातून बाहेर जाऊ द्या, गच्ची धुतली जाते. मग तीन बाय तीनचा एक चेंबर जिथे गाळ बसेल, त्याच्या पुढे फिल्टरचा चेंबर, त्यात खाली मोठे गोटे, मग गिट्टी, सगळ्यात वर जाड रेती, गिट्टी आणि रेतीच्या मध्ये नायलॉनची जाळी नाहीतर दोन पावसांत रेती खाली उतरून सगळं एक होतं. तिथून पाईप विहिरीत, आणि तो काठावर सोडून न देता तळापासून चार-पाच फुटांपर्यंत खाली न्या, नाहीतर उंचावरून धार पडून बांधकाम ढिलं होतं आणि गाळ ढवळतो. विहिरीला वरच्या बाजूला एक ओव्हरफ्लो, तो गल्लीच्या नालीत. सेप्टिक टँक ५० फुटांच्या आत असेल तर मला आधी सांगा, मग वेगळा विचार करावा लागेल. दरवर्षी मे महिन्यात रेतीचा वरचा थर काढून धुवायचा. हे झालं नाही तर बाकी सगळं वाया, आणि दहातल्या सात ठिकाणी हेच होत नाही.

ज्यांच्याकडे विहीर नाही ते खड्डा करतात, आणि तिथे आपल्याकडे एक चूक सगळीकडे दिसते. १४० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला हार्वेस्टिंग, म्हणजे पावसाचं पाणी जिरवणं, सक्तीचं आहे, म्हणून बांधकामाच्या परवानगीपुरता तीन-चार फुटांचा खड्डा खणून त्यात गिट्टी भरतात, कागदावर काम पूर्ण. पण आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि भेगा बंद करते, तिच्यात पाणी मुरतच नाही, कुंडीत साचल्यासारखं साचून राहतं आणि डास होतात. खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत गेला पाहिजे, कुठे पाच फूट कुठे पंधरा. फावड्याला पिवळा मुरूम लागला की नाही हे स्वतः उभं राहून बघा.

आता तुम्ही विचारलंय की नर्मदा असताना एवढी खटपट कशाला, नर्मदा योजनेचा चौथा टप्पा आला की सुटेलच ना प्रश्न. नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणून १९७० मध्ये जे आंदोलन झालं, त्यात माझ्या वडिलांची पिढी होती. तेव्हा शहर साडेपाच लाखांच्या आसपास, पाणी यशवंत सागरचं, होळकरांनी गंभीर नदीवर बांधलेला तो तलाव, आणि बिलावली, सिरपूर असे जवळचे तलाव, आणि घरोघरी विहिरी. ते पुरेना म्हणून लोक रस्त्यावर उतरले आणि १९७८ च्या सुमारास नदीकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी शहरात आलं. तो दिवस वडील सणासारखा सांगायचे आणि तो सण होताच. पण त्यानंतर काय झालं ते मी लहानपणी बघितलं. नळ आला तसा रहाट सुटला. दोन-चार वर्षांत विहिरीत निर्माल्य, मग कचरा, मग मलबा. तलावांचे येणारे नाले प्लॉटांमध्ये गेले. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी इंदौरचा नगर आराखडा करताना या विहिरी, बावड्या, तलाव, नदीकाठ सांभाळा म्हणून सांगून गेला होता, आणि आपण ६० वर्षांनी लांबून पाणी आलं तशी ती जवळची सगळी भांडी फेकून दिली. कान्ह आणि सरस्वती या शहरातल्या नद्यांचं काय केलं ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं राहिलं की दिसतं. अलीकडे नाले बंद करून, कबीटखेडीच्या प्लांटमध्ये सांडपाणी शुद्ध करून बरंच सुधारलंय, पण त्या नदीत पोहायला शिकलेली माणसं माझ्या ओळखीत होती.

नर्मदा येते ७० किलोमीटरवरून, आणि विंध्याचा घाट चढून, साधारण अर्धा किलोमीटर उंच. हजार लिटर पाणी तेवढं वर चढवायला पंपांची तूट धरून साधारण दोन युनिट वीज जाते, म्हणजे एका १० हजार लिटरच्या टँकरइतकं पाणी वर आणायला २० युनिट. नगर निगमने, म्हणजे महापालिकेने, २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले ते जलूदच्या ६० मेगावॅटच्या सोलर प्लांटसाठी, तो पण या विजेच्या बिलापायीच. तिसऱ्या टप्प्यात रोजचं ३६ कोटी लिटर वाढलं आणि त्याच्या पाठोपाठ शहरही वाढलं, २०११ च्या जनगणनेत वीस लाखांच्या आसपास, मग २९ गावं हद्दीत आली, बायपासच्या पलीकडे टाऊनशिप. टप्पा येतो तेव्हा ज्यांना पाणी कमी होतं त्यांचं पुरं होत नाही, नवीन नकाशे मंजूर होतात. आणि लाईन पोचेपर्यंत त्या नवीन वस्त्या बोरिंग आणि टँकरवर चालतात. ते टँकर कुठून भरतात? बहुतेक शहराच्या कडेच्या गावांतल्या बोरिंगवर. तिथल्या शेतकऱ्याच्या गव्हाचं शेवटचं पाणी आपल्या हौदात येतं.

वापराबद्दल दोनच गोष्टी सांगतो कारण नळ बंद ठेवा वगैरे तुम्हाला माहीत आहे. एक म्हणजे शिळं पाणी. आपल्याकडे दिवसाआड नळ येतो म्हणून ताजं पाणी आलं की कालचं पिंप, कळश्या, हंडे मोरीत ओततात, माझी आईसुद्धा ओतायची. झाकलेलं पाणी दोन दिवसांत शिळं होत नाही, ओतायचंच असेल तर कुंड्यांना किंवा पोछ्याला. दुसरी गोष्ट लाईनला सरळ मोटर लावण्याची. नळाच्या वेळी सगळी गल्ली मोटर लावते, लाईनमध्ये पाण्याऐवजी ओढ तयार होते, आणि जुन्या पाईपाला शेजारच्या नालीजवळ कुठे तडा असेल तर घाण आत खेचली जाते. पाणी आधी हौदात येऊ द्या, मोटर हौदावर लावा. एवढं तुमच्या सोसायटीत कडक करा, बाकी वाद होऊ देत. आणि ज्या घरांत नर्मदेच्या पाण्यालाच आरओ लावलाय त्यांना सांगा की ते पाणी बोरिंगइतकं जड नसतं, उकळून किंवा यूव्हीने काम होतं, आरओ एक लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो.

काम आत्ता सुरू केलं तर जूनच्या १५ तारखेआधी होईल, त्यानंतर ओल्या गाळात कोणी उतरत नाही. मीटिंगमध्ये कोणी म्हणेल की आधी बोरिंग करू मग विहीर बघू, तर त्यांना म्हणा की एक पावसाळा विहिरीला द्या, ८५० फूट कुठे पळून जात नाहीयेत.

आणि एक वही ठेवा. सुतळीला दगड बांधून दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीचं पाणी काठापासून किती फुटांवर आहे ते मोजायचं, बोरिंगची मोटर सलग किती मिनिटं चालते ते बाजूला लिहायचं, टँकर किती आले ते तिसऱ्या रकान्यात. हे काम सोसायटीतल्या एखाद्या मुलाला द्या, मुलं ते मोठ्यांपेक्षा नेमाने करतात. पहिलं माप पत्रा काढल्याच्या दिवशीच घ्या आणि मला कळवा, काळ्या मातीचा थर कुठे संपतो तेही विहिरीच्या भिंतीवर दिसेल, त्याचा फोटो काढून ठेवा, फिल्टरची जागा त्यावरून ठरवू.